गीत, संगीत, स्वर, तिन्हीकडे एकच नाव

कोल्हापुरात आमच्याकडे सकाळी सांगली आकाशवाणी लागलेली असायची आणि प्रत्येक गाण्याआधी निवेदिका तीन नावं सांगायची. गीत अमक्याचं, संगीत तमक्याचं आणि स्वर फलाणीचा. आम्हा भावंडांचा त्यावर खेळच असायचा, की नावं सांगायच्या आत सुरावट ओळखायची आणि तिन्ही नावं आपणच ओरडायची. खेबुडकर आले की घरातले मोठे उगाच ताठ व्हायचे कारण ते आमच्या कोल्हापूरचे. तर माझ्या डोक्यात गाणं म्हणजे तीन माणसांचं काम हे इतकं पक्कं बसलं होतं की त्यात प्रश्न विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं चाल लावायची आणि तिसरीनं गायचं. बाई यायची ती बहुतेक वेळा तिसऱ्या नंबरावर.

मग कॉलेजच्या वेळी मामेभाऊ हॉस्टेलवरून सुट्टीला येताना इंग्लिश गाण्यांच्या कॅसेटी आणायला लागला. बहुतेक सगळा धिंगाणा असायचा, आई आतून ओरडायची ते बंद कर म्हणून, पण त्यात एक कॅसेट होती तपकिरी कव्हरची, त्यावर मान खाली घातलेली एक काळी मुलगी, मेकअप नाही काही नाही. ट्रेसी चॅपमन. आतला कागद उलगडला तर सगळी गाणी हिनंच लिहिलेली, चालीही हिच्याच, गायलीयत पण हिनंच आणि गिटारही हीच वाजवतेय. मी मराठी माध्यमातली, इंग्लिश गाणं म्हणजे निम्मं कळतच नाही अशी सवय झालेली, पण हिचे शब्द इतके साधे की 'फास्ट कार' पहिल्यांदा ऐकतानाच गोष्ट कळली. बाप दारू पितो, आई सोडून गेलीय, मुलगी शाळा सोडून बापाचं बघते, दुकानात काउंटरवर काम करते आणि तिला एका पोराच्या गाडीत बसून कुठंतरी निघून जायचंय. शेवटी ती जाते, संसार मांडते, आणि तो पोरगा तिच्या बापासारखाच निघतो. चार-पाच मिनिटांत एवढं सगळं, आणि गिटारवर तेच ते चार सूर फिरत राहतात, गाणं कुठं पोचतच नाही, त्या मुलीसारखंच.

तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत. माझी प्लेलिस्ट कुणी बघितली तर पहिला प्रश्न हाच येतो की सगळ्या बायकाच का गं? आणि त्यातही सगळ्या स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या? नवऱ्याचा तर ठाम आरोप आहे की हा पक्षपात आहे. त्याच्याकडे बॉब डिलन आणि लेनर्ड कोहेन, माझ्याकडे जोनी मिचेल आणि कॅरोल किंग, चौघंही स्वतः लिहून गाणारे, गाडीत कुणाचं लागणार ते त्या दिवशी गाडी कोण चालवतंय यावर ठरतं.

मला याचं कारण सांगता येतं. मला मोठ्या आवाजांचं फारसं काही वाटत नाही. म्हणजे कौतुक वाटतं, पण परत परत ऐकावंसं वाटत नाही. जिनं गाणं स्वतः लिहिलंय तिनं ते स्वतःच्या गळ्याच्या मापानं कापलेलं असतं, जसं घरी मशीनवर स्वतःच्या मापाचं ब्लाऊज शिवलेलं. कुठं दम पुरत नाही, कुठं आवाज फाटतो, कुठं बोटं वळत नाहीत, हे तिला माहीत असतं आणि गाणं त्याच्या आजूबाजूनं वळतं. तेच गाणं दुसऱ्या कुणी कितीही भारी गायलं तरी तो फिटिंगचा प्रकार जातो.

उदाहरण देते, आणि यावरून मला शिव्या बसणार आहेत हे माहितीये. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' सगळ्यांना माहितीये ते व्हिटनी ह्यूस्टनचं, १९९२ चं, सिनेमातलं, शेवटी ड्रमचा धाडकन ठोका आणि मग तो आभाळाएवढा आवाज. मूळ गाणं डॉली पार्टनचं, तिनं लिहिलेलं, १९७४ मध्ये आलेलं. पोर्टर वॅगनर नावाच्या गायकाच्या टीव्ही शोमध्ये ती सात वर्षं काम करत होती, तिला स्वतःचं काहीतरी करायचं होतं आणि तो सोडत नव्हता, भांडणं चालली होती, तर हिनं घरी जाऊन हे गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला गाऊन दाखवलं. म्हणजे हे प्रेमभंगाचं गाणं नाहीच मुळी, हा राजीनामा आहे! आणि डॉलीचं रेकॉर्डिंग ऐका, ती मधलं एक कडवं चक्क गात नाही, बोलते. तुझं भलं होवो, तुला हवं ते मिळो, असं समोर बसलेल्या माणसाला बोलावं तसं. व्हिटनीच्या गाण्यात त्या जागी आवाज वर चढत जातो. मला ते बोललेलं कडवं जास्त लागतं. आणि हे गाणं रॉक-अँड-रोलचा राजा एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं, सगळं ठरलं पण होतं, पण त्याच्या मॅनेजरनं प्रकाशनाचे अर्धे हक्क मागितले आणि डॉलीनं चक्क एल्व्हिसला नाही म्हटलं. पुढं व्हिटनीच्या वेळी त्या एका नकारानं तिला किती पैसे मिळवून दिले असतील याचा हिशोब आपण नको करायला.

पण मुख्य माणूस जोनी मिचेल. जोनीबद्दल मी लिहायला बसले की थांबत नाही, त्यामुळे ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली सरकावं.

कॅनडातली. जन्म १९४३. नऊ वर्षांची असताना पोलिओ झाला, त्यातून उठली पण डाव्या हातात कमजोरी राहिली. आता ज्यांनी कधी गिटारच्या क्लासला फी भरलीय त्यांना माहीत असेल की गिटारवर सगळे हाल डाव्या हाताचेच होतात. तो एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर) पकडताना पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं आणि बाकीची बोटं वाकडी करून आपापल्या जागी, निम्मी पोरं तिथंच क्लास सोडतात. जोनीला ते जमेना. मग तिनं काय केलं, तर तिनं गिटारच्या तारा वेगळ्या लावल्या. नेहमीच्या लावणीत डावा हात न लावता नुसत्या तारा छेडल्या तर काहीतरी अधांतरी ऐकू येतं. पण तारा अशा लावल्या की मोकळ्या छेडल्यावरच पूर्ण कॉर्ड वाजेल, तर डाव्या हाताला काम उरतं ते एखाद-दोन बोटांचं. ओपन ट्यूनिंग म्हणतात त्याला, ते तिनं शोधलेलं नाही, जुने ब्लूजवाले करायचेच, पण तिनं ते इतकं ताणलं की पन्नासच्या आसपास वेगवेगळ्या लावण्या तिच्या एकटीच्या आहेत आणि त्यातून असे कॉर्ड निघाले की त्यांना नाव काय द्यायचं ते शिकलेल्या लोकांनाही पटकन कळेना.

आमच्या पोराची गिटार घरात पडून असते. एकदा यूट्यूबवर बघून मी तिच्या तारा ओपन डी मध्ये उतरवल्या. (ई, ए, डी ही सुरांची इंग्लिश नावं.) सगळ्यात जाड तार ई वरून डी वर, मग ए आणि डी तशाच, मग जी अर्ध्या सुरानं खाली, बी ए वर आणि बारीक ई परत डी वर. आणि नुसता अंगठा फिरवला. काही येत नसताना, एकही बोट न दाबता, अख्खी खोली भरली. जाड तार सैल झाल्यामुळे खर्जात घुमत राहते आणि बाकीच्या तारा तिच्यावर बसतात. एक बोट गिटारच्या दांड्यावरच्या पाचव्या पट्टीवर आडवं ठेवलं की दुसरा कॉर्ड, सातव्यावर ठेवलं की तिसरा, झालं, अर्धं गाणं तयार. तेव्हा मला पहिल्यांदा हातात कळलं की तिची गाणी अशी मोकळी, लांब-रुंद का वाटतात. पोरगा क्लासहून आला तेव्हा त्यानं जो आरडाओरडा केला तो इथं लिहीत नाही.

तिचं 'बोथ साइड्स नाऊ' घ्या. विमानात बसली होती, मांडीवर सॉल बेलोची कादंबरी, त्यातला माणूसही विमानातून खाली ढग बघतोय, हिनं खिडकीतून खाली बघितलं आणि गाणं सुचलं. लिहिलं १९६७ ला, पण आधी गाजलं ते जुडी कॉलिन्सच्या आवाजात, जोनीचं स्वतःचं रेकॉर्डिंग आलं १९६९ ला. तेव्हा ती पंचवीस वर्षांची. आवाज एकदम वरचा, काचेसारखा लख्ख, सोबत फक्त गिटार, आणि शब्द काय तर मी ढग दोन्ही बाजूंनी बघितले, प्रेम दोन्ही बाजूंनी बघितलं, आयुष्य दोन्ही बाजूंनी बघितलं. पंचविशीत! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, बाई गं, तू अजून काय बघितलंयस.

मग २००० साली तिनं तेच गाणं परत रेकॉर्ड केलं, मागं मोठा ऑर्केस्ट्रा, व्हिन्स मेंडोझाची अरेंजमेंट. तेव्हा वय छप्पन्न. लहानपणापासून सिगरेटी ओढून आवाज पार खाली उतरलेला, वरच्या जागा संपलेल्या, श्वास ऐकू येतो. ऑर्केस्ट्रा आधी बराच वेळ नुसता पसरत राहतो आणि मग ती येते ती जवळजवळ बोलल्यासारखीच, तालाच्या जरा मागं, घाई नाही. शब्द तेच. पंचविशीत जे शब्द हुशार वाटत होते ते आता खरे वाटायला लागतात. मी दोन्ही रेकॉर्डिंग पाठोपाठ लावते आणि प्रत्येकाला जबरदस्तीनं ऐकवते. नवऱ्याला पहिलं आवडतं, तो म्हणतो दुसऱ्यात व्हायोलिनं फार रडतात. (त्याच्या कोहेनच्या मागं बायका ला-ला करतात ते चालतं.)

२०१५ ला तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. चालणं, बोलणं, सगळं परत शिकावं लागलं. गिटारही परत पहिल्यापासून. आणि ती शिकली कशी, तर इंटरनेटवर स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून, बोटं कुठं ठेवायची ते शोधत. पन्नास लावण्या स्वतः काढलेल्या बाईला स्वतःचंच गाणं वाजवायला व्हिडिओ बघावा लागतोय. २०२२ ला न्यूपोर्टच्या फेस्टिवलला कुणाला न सांगता ती स्टेजवर आली, आणि २०२४ ला ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात, ऐंशीव्या वर्षी, मोठ्या खुर्चीत बसून, हातात काठी, तिनं परत तेच ढगांचं गाणं गायलं. म्हणजे आता तीन रेकॉर्डिंग आहेत ऐकवायला, पाहुण्यांनी जपून राहावं.

आता कॅरोल किंग. हिची गंमत वेगळीच आहे, कारण हिच्या बाबतीत माझं ते 'तिन्हीकडे एकच नाव' जरा गडबडतं.

कॅरोल ब्रुकलिनची, सतराव्या वर्षी लग्न झालं, नवरा गेरी गॉफिन दिवसा केमिस्टची नोकरी करायचा. ही चाली बांधायची, तो शब्द लिहायचा, आणि गाणी गायला दुसऱ्यांना द्यायचे. १९६० मध्ये 'विल यू लव्ह मी टुमॉरो' असंच झालं. हिनं चाल टेपवर करून ठेवली, तो कामावरून आला आणि त्यानं शब्द लिहिले, आणि गायलं शिरेल्स नावाच्या काळ्या मुलींच्या ग्रुपनं. अमेरिकेत एक नंबरला गेलं. गाण्यात मुलगी विचारते की आज रात्री तू माझा आहेस, पण उद्या सकाळीही राहशील का? मुलीच्या मनातली अगदी आतली धास्ती, आणि शब्द लिहिलेत नवऱ्यानं!

आपल्याला हे अजिबात नवीन नाही. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगळे शाहीर पुरुष, आणि लावणीतली 'मी' मात्र बाई. तिची विरहव्यथा, तिचा शृंगार, तिचा रुसवा, सगळं पुरुषानं लिहिलेलं. पुढं सिनेमातल्या लावण्या सुलोचनाबाईंनी आणि आशाबाईंनी गायल्या त्याही गदिमांच्या नाहीतर खेबुडकरांच्या. वाईट लिहिलंय असं माझं म्हणणं नाही, उलट फार ताकदीचं लिहिलंय. आणि उलटंही आहेच, शांताबाई शेळक्यांनी 'तोच चंद्रमा नभात' लिहिलं ते पुरुषाच्या तोंडी, गायलं बाबूजींनी. त्यातली खुबी अशी की ज्या संस्कृत श्लोकावरून ते सुचलं त्यात बोलणारी बाई आहे, आणि तो श्लोक शीलाभट्टारिका नावाच्या कवयित्रीचा म्हणून सांगतात. बाईनं बाईचं लिहिलेलं, ते बाईनंच पुरुषाच्या तोंडी घातलं. त्यामुळे बाईचं फक्त बाईच लिहू शकते वगैरे मी म्हणणार नाही.

पण कॅरोलचं पुढं ऐका. गॉफिनशी घटस्फोट झाला, ती पोरींना घेऊन लॉस एंजेलिसला गेली, आणि १९७१ मध्ये तिनं 'टेपेस्ट्री' काढला. स्टेजवर जायला घाबरणारी बाई, आवाज साधा, थोडा घोगरा, कव्हरवर जीन्स घालून अनवाणी खिडकीत बसलीय आणि पुढ्यात मांजर. तो अल्बम अमेरिकेत पंधरा आठवडे एक नंबरला राहिला. आणि त्यात तिनं तेच 'विल यू लव्ह मी टुमॉरो' परत घेतलं, पण शिरेल्ससारखं नाचरं नाही, पियानोवर, अर्ध्या वेगात. आता ती एकोणतीस वर्षांची, संसार मोडलेला, आणि उद्या राहशील का हा प्रश्न विचारतेय तो ज्या माणसानं लिहिला तोच राहिलेला नाही. शब्द त्याचे असूनही गाणं तिचं होऊन गेलंय. मागं जे दोघं कोरसमध्ये आहेत त्यातला एक गायक जेम्स टेलर आणि दुसरी जोनी मिचेल. कारण त्याच सुमारास त्याच इमारतीत, हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत, बाजूच्या खोलीत जोनीचा 'ब्लू' रेकॉर्ड होत होता. इमारत मूळ चार्ली चॅप्लिननं बांधलेली. एका इमारतीत एकाच वेळी 'टेपेस्ट्री' आणि 'ब्लू', मला तिथं चहा द्यायला ठेवलं असतं तरी चाललं असतं.

'ब्लू'मध्ये एक छोटं गाणं आहे, 'लिटल ग्रीन'. हिरव्या रंगाच्या नावाच्या एका बाळाबद्दल. तेव्हाच्या ऐकणाऱ्यांना वाटलं असेल काहीतरी कवितेतलं आहे. जोनीनं १९६५ मध्ये, हातात पैसा नाही, लग्न नाही, अशा अवस्थेत झालेली मुलगी दत्तक दिली होती, आणि हे लोकांना वर्षानुवर्षं माहीत नव्हतं. गाणं मात्र सगळ्यांसमोर पडून होतं. मायलेकींची भेट झाली १९९७ ला.

यावरून एक मैत्रीण मला म्हणते की तुझ्या या बायका म्हणजे नुसत्या डायऱ्या वाचतात, स्वतःचं रडगाणं. मला हे अजिबात पटत नाही. 'फास्ट कार'मधली मुलगी म्हणजे ट्रेसी चॅपमन नव्हे, ती रचलेली गोष्ट आहे. सुझॅन व्हेगाचं 'लुका' घ्या, १९८७ चं. त्यात बोलणारा एक लहान मुलगा आहे, दुसऱ्या मजल्यावर राहणारा, तुम्हाला रात्री काही आवाज आला तर विचारू नका म्हणणारा. घरात मार खाणाऱ्या पोराचं गाणं, आणि चाल इतकी हलकीफुलकी की लोक गुणगुणत फिरायचे आणि नंतर शब्दांकडं लक्ष गेलं की गप्प व्हायचे. यात डायरी कुठंय?

सुझॅन व्हेगाचं आणखी एक सांगायलाच पाहिजे. तिचं 'टॉम्स डायनर' म्हणून गाणं आहे, एकही वाद्य नाही, नुसता आवाज, कॉफी पीत खिडकीतून बघणारी बाई. जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग नावाचा इंजिनिअर एमपीथ्रीवर काम करत होता, म्हणजे गाण्याची फाइल लहान कशी करायची आणि कानाला फरक कसा कळू द्यायचा नाही. बाकीची गाणी बरी वाजत होती, पण हा एकटा बाईचा आवाज टाकला की पार वाट लागायची. मागं ड्रम-गिटार काही नाही म्हटल्यावर लपवायला जागाच नाही. मग तो हे गाणं परत परत लावून, ते नीट वाजेपर्यंत दुरुस्त्या करत बसला. आम्ही सगळ्यांनी दोनशे-दोनशे गाणी भरलेल्या एमपीथ्रीच्या सीडी फुटपाथवरून घेतल्या आणि रफी-किशोर ऐकला, तो सगळा या बाईच्या आवाजाच्या मापावर बेतलेला.

केट बुशबद्दल फार लिहीत नाही कारण मला ती अजून पूर्ण पचलेली नाही. १९७८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, 'वुदरिंग हाइट्स' घेऊन आली आणि स्वतः लिहिलेलं गाणं गाऊन ब्रिटनमध्ये एक नंबरला जाणारी पहिली बाई ठरली. कंपनीला आधी दुसरंच गाणं काढायचं होतं, ही अडून बसली. तो उंच चिरका आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आवाज कमी केला होता. तिचं १९८५ चं गाणं २०२२ मध्ये एका वेबसिरीजमुळे परत वर आलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच एक नंबरला गेलं तेव्हा माझ्या भाचीनं मला येऊन सांगितलं की मावशी एक नवीन सिंगर आलीय! भाचीची टेलर स्विफ्टही मी ऐकते, काही गाणी खरंच चांगली आहेत, पण त्यात गिचमिड फार आहे असं माझं मत आहे आणि ते घरात बोलायची सोय नाही.

आपल्याकडे असं कोण, हा विचार मी अधूनमधून करते. स्वतः लिहून, चाल बांधून, स्वतः गाणारा आपल्याकडे शाहीर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक. डफ घ्यायचा आणि उभं राहायचं. पण पटकन तोंडावर येतात ती सगळी पुरुषांची नावं. लताबाईंनी चाली दिल्या, 'ऐरणीच्या देवा तुला' त्यांचीच चाल, आमच्या भालजींच्या 'साधी माणसं'मधली, १९६५ ची. पण नाव लावलं आनंदघन. रेडिओवर 'संगीत आनंदघन' ऐकताना तो कुणी पुरुष असेल असंच मी धरून चालले होते, लहानपणी कुणालाही तसंच वाटलं असतं.

आणि बहिणाबाई. असोद्याची, लिहिता-वाचता न येणारी, जात्यावर आणि शेतात काम करता करता रचायची आणि गायची. मुलानं, सोपानदेवांनी, ते कागदावर उतरलं म्हणून वाचलं, अत्र्यांनी डोक्यावर घेतलं, पुस्तक आलं १९५२ ला, ती गेल्यावर. शब्द आले, पण तिची चाल? 'अरे संसार संसार' आपल्या कानात आहे ते सुमन कल्याणपूरांच्या आवाजात आणि वसंत पवारांच्या चालीत, सिनेमातलं. छानच आहे. पण तव्यावर हात पोळणाऱ्या बाईनं ते स्वतः कुठल्या सुरात म्हटलं असेल, कुठं थांबली असेल, हे मला फार ऐकायचं होतं.

जात्यावरच्या ओव्या म्हणजे आपल्या सिंगर-सॉन्गरायटर बायका असं हल्ली बरेच जण म्हणतात. मला ते निम्मंच पटतं. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, काही आता इंटरनेटवर त्या त्या बाईच्या आवाजात ऐकता येतात, आणि ऐकाच. भाऊ, माहेर, सासू, विठ्ठल, सगळं काळीज पिळून. पण ओवीत ही कुणाची असा प्रश्नच नसतो. एकीनं म्हटलेली दुसरी उचलते, नाव बदलते, पुढं ढकलते. जोनी तिच्या एका शब्दावर भांडेल. दोन्हीत गंमत आहे, पण दोन्ही एक नव्हेत.

या दोन्हींच्या मधे बसणारी एक बाई आहे आणि ती माझी सध्याची सगळ्यात लाडकी. एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जन्मलेली काळी मुलगी, डावखुरी. भावाचं बँजो चोरून वाजवायची, मग स्वतःची गिटार घेतली, पण गिटार उजव्या हाताच्या माणसाची. तारा बदलायच्या सोडून हिनं गिटारच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली आल्या आणि बारीक वर. बाकी सगळे अंगठ्यानं खर्ज वाजवतात आणि बोटांनी चाल, हिचं नेमकं उलटं, बोटं खर्ज धरतात आणि अंगठा गातो. शिकवायला कुणी नव्हतं म्हणून असं करू नये हे सांगायलाही कुणी नव्हतं. अकरा-बारा वर्षांची असताना तिनं घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर 'फ्रेट ट्रेन' हे गाणं केलं. मग लग्न, मूल, चर्च, आणि गिटार सुटली ती कित्येक दशकं.

पुढं वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात कामाला असताना तिला एक हरवलेली लहान मुलगी सापडली, ती हिनं आईकडं नेऊन दिली. ते घर निघालं सीगर लोकांचं, सगळे संगीतवाले. त्यांनी हिला स्वयंपाकपाण्याला ठेवून घेतलं. एक दिवस भिंतीवरची गिटार काढून ही वाजवत बसलेली पोरांनी बघितली. त्यातल्या माइक सीगरनं घरातच रेकॉर्डिंग केलं आणि १९५८ ला अल्बम आला. तेव्हा बाई साठीच्या पुढं.

पण त्याआधीच काय झालं होतं, तर जी मुलगी दुकानात सापडली होती ती पेगी, ती इंग्लंडला गेली, तिथं 'फ्रेट ट्रेन' गायली, आणि तिथल्या दोघांनी ते गाणं सरळ स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं. १९५७ ला ते तिकडं हिट पण झालं. जिनं बारा वर्षांची असताना रचलं ती वॉशिंग्टनमध्ये भांडी घासतेय आणि कॅसेटवर, म्हणजे तेव्हा रेकॉर्डवर, नाव दुसऱ्यांचं. पुढं सीगर कुटुंबानं भांडून तिचं नाव लावून घेतलं. १९८५ मध्ये, नव्वदीच्या आसपास, तिला ग्रॅमी मिळालं.

आवाज काही विशेष नाही तिचा. म्हातारा, थोडा कापरा, कधी सुरावरून घसरतो. पण अंगठा बघा. पीट सीगरच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमातला तिचा कृष्णधवल व्हिडिओ यूट्यूबवर आहे, आमच्या पोरानं तो बघून गिटार उलटी धरून बघितली, दोन मिनिटांत खाली ठेवली आणि म्हणाला हे कसं शक्य आहे. माझ्या त्या मामेभावालाही पाठवला होता, तो आता बंगळूरला असतो. त्याचं उत्तर आलं, "तुझ्याकडं माझी ट्रेसी चॅपमनची कॅसेट राहिलीय."